हीटरबाबा

कॅलिफोर्नियात सनीवेल, माउंटन व्ह्यू, सँटा क्लारा या पट्ट्यात मराठी बाबा दोन हंगामांत येतात. उन्हाळी बाबा हौसेने आलेले असतात. ते ग्रँड कॅनियन पाहतात, बागेतल्या बाकावर समवयस्कांशी पेन्शनबद्दल बोलतात आणि कोथिंबिरीच्या जुडीचा भाव रुपयांत सांगून सुनेला घाबरवतात. हिवाळी बाबांचं तसं नाही. बाळंतपण काही ऋतू बघून येत नाही, म्हणून ते आलेले असतात; खरं तर आई आलेल्या असतात आणि बाबा त्यांच्या सोबतीला. आईंना विमानतळावरच कारभार मिळतो: डिंकाचे लाडू, बाळाची मालीश, अंघोळ, धुरी. (धुरीवरून स्मोक अलार्म वाजतो, तो वेगळा विषय.) बाबा मात्र बिनखात्याचे मंत्री. गाडी चालवायची नाही, भाजी आणायला चालत जाण्याजोगं दुकान नाही, आणि त्यांनी डिशवॉशर लावला तर सून गुपचूप तो पुन्हा लावते.

मुलगा चालकाविना धावणाऱ्या मोटारींचं सॉफ्टवेअर लिहितो, पण राहतो ते अपार्टमेंट असतं १९६०च्या आसपासचं. त्याचं भाडं रुपयांत काढून बाबांनी एकदा जेवण अर्ध्यावर टाकलेलं असतं. एवढे पैसे घेऊन घरमालकाने ऊब म्हणून काय दिलंय, तर पॅसेजच्या भिंतीत बसवलेलं एक उंच, तपकिरी, जाळीदार पत्र्याचं खोकं. हा वॉल हीटर. त्याच्या पोटात करंगळीच्या पेराएवढी निळी ज्योत अखंड जळत असते, ती पायलट. थर्मोस्टॅटने हुकूम सोडला की मोठा बर्नर तिच्यावरून पेटतो. गॅस वाचावा म्हणून बरेच लोक उन्हाळ्यात पायलट विझवतात. मग पहिली थंडी पडते आणि तो परत कसा लावायचा हे घरात कुणालाच ठाऊक नाही, असं उघडकीला येतं.

"वीकेंडला व्हिडिओ बघून लावतो, बाबा," मुलगा म्हणतो. वीकेंड चार दिवसांवर आणि नातू अठरा दिवसांचा. बाबा चष्मा, टॉर्च आणि पुण्याहून सामानात आणलेली पक्कड घेऊन पॅसेजमध्ये बसकण मारतात.

या बाबांनी जन्मात कुणाची सूचना पुरती ऐकलेली नसते. मिक्सरबरोबरचं पुस्तक त्यांनी उघडलेलं नाही, विमानात पट्टा कसा बांधायचा ते दाखवत होते तेव्हा हे खिडकीबाहेरच्या पंखाची तपासणी करत होते. पण हीटरचं खालचं दार उघडलं की आत एक पाटी असते, आणि तिच्यावर सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, की या सूचना तंतोतंत पाळल्या नाहीत तर आग लागेल किंवा स्फोट होईल. बाबा ती दोनदा वाचतात. हे कुणा साहेबाने लिहिलेलं नाही, हात भाजलेल्या माणसाने लिहिलंय, हे पस्तीस वर्षं कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये काढलेल्या माणसाला बरोबर कळतं. नॉब फक्त हाताने फिरवा, अवजार लावू नका, असंही तिथे असतं. पक्कड निमूटपणे बॅगेत परत जाते.

आधी थर्मोस्टॅट अगदी खाली आणायचा. मग नॉब बंदवर फिरवायचा आणि ५ मिनिटं थांबायचं, आत साचलेला गॅस निघून जावा म्हणून. सगळी परीक्षा या पाच मिनिटांत असते. मुलाच्या दिवसात रिकामी पाच मिनिटं एकत्र सापडतच नाहीत, दुसऱ्या मिनिटाला त्याचा फोन वाजतो आणि तिसऱ्याला तो म्हणतो, "झालं असेल आता." बाबांना इमिग्रेशनवाल्याने सहा महिने दिलेले असतात. ते पाच मिनिटं सढळ हाताने देतात, वर पाच पदरची घालतात.

या वेळात वास घ्यायचा असतो, तोही जमिनीलगत. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, ओणवे होतात. "अहो, काय हरवलंय?" आई बाळाच्या खोलीतून विचारतात. खाली गेल्यावर बाबांना पाटीची चूक सापडते. या घरात येतो तो मिथेन, हवेहून हलका. तो वर जाणार. जमिनीवर साचतो तो प्रोपेन, आपल्या सिलिंडरमधल्या गॅससारखा. पाटी दोघांसाठी एकच छापलीय! हे सगळ्यांना ऐकवून झालं की ते खालीही वास घेतात आणि वरही. नैसर्गिक वायूला मुळात वास नसतो, हेही ते सुनेला नाश्त्याच्या वेळी सांगतात: १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडनची शाळा गॅसच्या स्फोटात उडाली, तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक मुलं, आणि त्यानंतर गॅसमध्ये कुजक्या अंड्यांसारखा वास मिसळण्याची सक्ती झाली. "बाळंतिणीपुढे काय बोलावं याचं काही भान?" आई विचारतात.

वास आलाच तर काडी ओढायची नाही, दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, घरातून फोनसुद्धा लावायचा नाही; सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरूनच गॅस कंपनीला कळवायचं. बाबा नियमाचे इतके पक्के, की एकदा पहाटे ते अख्खं घर शालीत गुंडाळून पार्किंगमध्ये उभं करतात. वास आईंच्या पिशवीतल्या हिंगाचा निघतो. बाबा हार मानत नाहीत. हिंगाच्या वासातही गंधकाचीच संयुगं असतात, तेव्हा नाक चुकलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि मला तरी ते पटतं.

वास नाही, असं ठरलं की नॉब पायलटच्या खुणेवर आणायचा, आत दाबून धरायचा आणि ठिणगी पाडणारं लाल बटण टकटकवायचं. लाल बटण नसलेल्या जुन्या हीटरला काडी लागते. तिथे बाबांचा नियम आधी काडी, मग गॅस. ज्योत धरली की मुलगा लगेच हात सोडतो आणि ती विझते. सगळं पुन्हा पहिल्यापासून, पाच मिनिटांसकट. ज्योत धरल्यावरही मिनिटभर नॉब दाबूनच ठेवायला हवा, कारण ज्योतीत थर्मोकपलचं टोक आहे. दोन धातूंचा सांधा तापला की जेमतेम ३० मिलिव्होल्ट वीज तयार होते, म्हणजे पेन्सिल सेलच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी, आणि तेवढ्यावर आतला चुंबक गॅसची झडप उघडी धरतो. ज्योत विझली, टोक गार झालं, की झडप आपोआप मिटते. "बघ, ना वायफाय, ना पासवर्ड," बाबा अंगठा न हलवता म्हणतात.

तरीही पायलट टिकत नसेल तर मात्र माणूस बोलवायचा. पीजी अँड ई ही तिथली गॅस कंपनी पायलट फुकट लावून देते. "फुकट?" बाबा तीनदा विचारतात आणि पुढल्या महिन्याचं बिल बारकाईने तपासतात. माणूस येतो, पायलटच्या भोकात कोळ्याचं जाळं अडकलंय ते काढतो, ज्योत निळी आहे ना ते पाहतो. पिवळी असती तर गॅस नीट जळत नाही, कार्बन मोनॉक्साइडची भीती. बाबा हात मागे बांधून शेजारी उभे. दोघांत इंग्रजी फार होत नाही, पण जाताना तो माणूस मुलाकडे न बघता बाबांना "ऑल युवर्स, सर" म्हणतो. त्या दिवशी बाबा रात्री दोन चपात्या जास्त खातात.

खरा संघर्ष पुढे असतो, तो दुपट्यांवरून. गरम जाळी म्हणजे दुपटी वाळत घालायला देवाने दिलेली जागा, असं आईंचं मत. ड्रायर खाली लाँड्रीत आहे, पण तो नाणी खातो. हीटरपाशी कापड येता कामा नये, असं बाबांचं. "मग काय तुमच्या डोक्यावर वाळत घालू?" शेवटी पॅसेजमध्ये तीन फुटांवर चिकटपट्टीची रेघ आखली जाते. ती ओलांडायला बाळाच्या वडिलांनाही मनाई.

दोन वर्षांनी दुसऱ्या नातवंडाच्या वेळी बाबा येतात तेव्हा मुलाने घर घेतलेलं असतं. फोनवरून चालणारं सेंट्रल हीटिंग, ऊब कुठून येते तेही दिसत नाही. बाबा दोन दिवस सोफ्यावर गप्प. तिसऱ्या दिवशी ते गॅरेजात जातात आणि कोपऱ्यात त्यांना पाणी तापवायची जुनी टाकी भेटते, गॅसवरची, खाली काचेच्या डोळ्यातून निळी ज्योत. पेट्रोलची वाफ जमिनीलगत राहते, म्हणून गॅरेजात अशी ज्योत दीड फूट वर ठेवतात. टाकी ओट्यावर बसवलेली. बाबा ओट्याच्या उंचीला वीत लावून बघतात. "अहो, ऐकलंत का," ते आत हाक मारतात, "इथे वाकावं लागत नाही!"