शेतीच्या औषधाच्या दुकानात सीआरएम : नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम मुलाला नाशिकहून बोलावून घ्या. सॉफ्टवेअर तोच बसवणार, कारण ते घ्यायला लावणाराही तोच. निफाडच्या कृषी सेवा केंद्रात गिऱ्हाइकाशी संबंध वाढवायचे म्हणजे आजवर चहा सांगायचा आणि उधारी लिहायची. आता त्यालाच सीआरएम म्हणतात आणि त्याचे महिन्याला पैसे पडतात.

मग नावं भरा. खतावणीत ‘उगावचे बाळासाहेब, विहिरीवाले’ असं लिहिलेलं असेल. यंत्राला विहीर चालत नाही. नाव, आडनाव, मोबाईल लागतो. त्याच नावा-आडनावाचे तिघे निघतील आणि त्यांतल्या दोघांचा मोबाईल एकच, तोही पुतण्याचा. ‘शेरा’ असा रकाना शोधा आणि विहीर तिथे खोदा.

जन्मतारीख मात्र भरू नका. गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या तालुक्याला १ जून लावून टाकलाय. त्या सकाळी सगळ्यांना शुभेच्छा गेल्या, तर पेढे तुम्हालाच वाटावे लागतील. त्याऐवजी द्राक्षबागेच्या गोडी छाटणीची तारीख भरा. ती कळली की पेस्ट कधी, डावणीची फवारणी कधी, जीएचं डिपिंग कधी आणि माल साधारण कोणत्या महिन्यात निघणार, सगळं कळतं. हे काम यंत्र खरंच चोख करतं. एवढ्या प्लॉटच्या तारखा तुमच्या डोक्यात राहत नाहीत. राहतात असं तुम्ही चारचौघांत सांगता, ते वेगळं.

आता वसुली. यंत्रात तीस दिवसांची मुदत टाकलेली असेल, ती आधी काढा. इथे मुदत एकच : ‘माल गेल्यावर’. माल गेला तरी व्यापाऱ्याचा चेक वटेपर्यंत दम धरायचा. तगाद्याचे मेसेज आपोआप जातात, ते थंडीत बंद ठेवा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचाच्या खाली गेला की माणूस पहाटे बागेत शेकोट्या पेटवत असतो, मणी तडकू नयेत म्हणून. तेवढ्यात खिशात ‘प्रिय ग्राहक, आपली थकबाकी’ वाजलं, तर फोन शेकोटीत जाईल आणि पाठोपाठ तुमचे संबंध. लासलगावचे कांद्याचे लिलाव बंद असले तरी हेच. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली आणि लिलाव थांबले. अशा आठवड्यात तगादा लावणाऱ्याचं नाव गिऱ्हाईक विसरत नाही, त्याला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

कुणी दोन महिने फिरकलं नाही की यंत्र ‘गमावलेला ग्राहक’ असा शिक्का मारतं. लगेच पुसू नका. बाग तोडली असेल, तर सोयाबीनचं बी आणि कांद्याचं खत त्याला लागणारच. समोरच्या दुकानात जादा उधारी मिळाली असेल, तर तिथली वही भरली की येईल. चौकशी मेसेजने करू नका. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसा; जिलबी वाढेपर्यंत तो आपणहून सांगेल. घरी आल्यावर शेरा भरा, हात धुऊन.