पानात टाकायचं नाही!

आमच्या घरी रोज रात्री साडेअकरा वाजता एक पंगत बसते. पान म्हणजे माझा मोबाइल, वाढपी म्हणजे कंपनी, आणि पदार्थ म्हणजे दिवसाच्या दीड जीबीतला उरलेला डेटा. बाराच्या ठोक्याला पान उचललं जातं. शिळंपाकं उद्यासाठी ठेवायची सोय नाही. आणि आमच्यावर लहानपणापासूनचा संस्कार एकच: पानात टाकायचं नाही! म्हणून मी पेंगत पेंगत, न्यूझीलंडात मेंढ्या कशा भादरतात ते फुल एचडीत बघत बसतो. आवड म्हणून नव्हे, उरलंय म्हणून.

एके काळी मी काटकसरी म्हणून ओळखला जायचो. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, त्याआधी एका जीबीला अडीचशेच्या आसपास रुपये पडत आणि तो जीबी महिनाभर पुरवला जाई. डेटा सुरू करायचा, मेल उतरवायची, बंद करायचा. ‘‘अहो, डेटा चालू राहिलाय!’’ ही हाक ‘‘गॅस चालू राहिलाय!’’ याच सुरात यायची. पुढे नळाला चोवीस तास पाणी आलं आणि घरादाराने तोटी बंद करणंच सोडलं.

मग एके दिवशी दुपारी चारलाच मेसेज आला: आजचा 90 टक्के डेटा संपला. तासाभरात उरलेलाही संपला आणि वेग आला 64 केबीपीएसवर. या वेगाने भाच्याच्या बारशाचा फोटो उघडायला घेतला, तर तो दिसेपर्यंत पोराची मुंज होईल.

चोर शोधायला सेटिंग्ज उघडल्या. कोणत्या ॲपने किती खाल्लं याचा हिशेब तिथे वाण्याच्या वहीसारखा मांडलेला असतो. पहिला आरोपी घरचाच निघाला: कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप. सूर्योदय, गुलाब आणि बासरीसकट येणारे ‘शुभ सकाळ’चे व्हिडिओ मी न बघताही मुकाट्याने उतरत होते. मीडिया ऑटो-डाउनलोड बंद केलं. ॲपचे अपडेट फक्त वायफायवर ठेवले. मागच्या दाराने खाणाऱ्यांसाठी डेटा सेव्हर लावला. यूट्यूबचा ऑटोप्ले थांबवला आणि बातम्यांची चर्चा 1080 वरून 480 वर आणली. ओरडणं तेवढंच ऐकू येतं. सासुरवाडीच्या वायफायवर तर अख्ख्या जिल्ह्याचा ऑफलाइन नकाशा उतरवून घेतला. जावयाचा मान म्हणतात तो हाच.

परिणाम भयंकर झाला. रात्री साडेअकराला 900 एमबी शिल्लक! 480 वर ते संपवायला दोनेक तास लागले असते, म्हणून पुन्हा 1080 केलं. अर्ध्या तासात पान चाटूनपुसून लख्ख! दिवसभर वाचवायचं आणि रात्री उधळायचं, यालाच आमच्याकडे आता काटकसर म्हणतात.

‘‘मग लहान पॅक घ्या की,’’ ही म्हणाली. पण जुलै 2024 पासून दर असे चढले, की लहान पॅकला आधीच्या मोठ्याचे पैसे पडू लागले. त्यातून महिना 28 दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. पंचांगातला अधिक मास तीन वर्षांनी येतो, कंपनीचा दरवर्षी.

आईचा फोन बटणांचा. तिच्याही पॅकमध्ये वर्षानुवर्षं डेटा येत होता आणि न शिवता जात होता. डिसेंबर 2024 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचं व्हाउचर ठेवायला लावलं. परवा ते तिच्यासाठी घेतलं. नातू समजावायला गेला, ‘‘आजी, इतकी वर्षं तुझा केवढा डेटा वाया गेला!’’

‘‘वाया कसला? मी मागितला होता का? न विचारता वाढतो, त्याला वाढपी नाही म्हणत.’’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘आणि तू रे? भूक नसली की पानावर आडवा हात धरायचा असतो, एवढंही शिकवलं नव्हतं का तुला?’’

त्या रात्री साडेअकराला मी फोनवर निर्धाराने आडवा हात धरला. करंगळी पडद्याला लागली आणि मेंढ्या पुन्हा सुरू झाल्या.