नकाशावरच्या रेघेस, श्रीगोंद्याहून

प्रति,
श्रीमती रेघबाई कॉरिडॉर,
मु. पो. नकाशा, पुणे–अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर



बाईसाहेब, 2025 मध्ये आपल्या मुख्यमंत्र्यांनी दिल्लीत संरक्षणमंत्र्यांपुढे राज्यासाठी तीन संरक्षण कॉरिडॉर मांडले, तेव्हापासून आपल्याला लिहायचं मनात होतं. आपल्या दोन बहिणींचं, म्हणजे नागपूर-अमरावतीकडच्या एकीचं आणि नाशिक-धुळ्याच्या दुसरीचं, काय ते त्यांच्याकडचे लोक बघतील. आपण आमच्या. पुण्याहून निघालात, शिरूरला घोड नदी ओलांडलीत, गव्हाणवाडीजवळ आमच्या तालुक्याच्या कडेला हलकासा स्पर्श केलात आणि सुप्याकडे निघून गेलात. हायवेवरून असा स्पर्श पुण्याच्या प्रत्येक शिवशाहीनं रोज केलेला आहे. तरीही इथल्या लोकांनी आपलं स्वागत केलं. पेढे वाटले, स्टेटस ठेवले, आणि 'आता तालुक्याचा कायापालट' हे वाक्य असलेला फ्लेक्स चौकात लागला. त्यावर आपण कुठेच नव्हता. फोटो सगळे इतरांचे होते.

आपल्यावर आरोप कोणता ठेवावा हे मात्र कळेना. आपण कोणाची जमीन घेतली नाही. पैसे खाल्लेत म्हणावं, तर आधी पैसे यावे लागतात. रोजगार बुडवला म्हणावं, तर तो मिळाला कधी? शेवटी एकच गुन्हा हाती लागला: आपण दिसता. आपण दिसलात की लोक पुढचं विचारायचं विसरतात.

बरं, आपण काही पहिल्यांदा दिसत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं संरक्षण व हवाई उत्पादनाचं धोरण आणलं, त्यात पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद आणि आमचं नगर अशी पाच ठिकाणं होती. एक लाख रोजगारांचा आकडा होता. त्याच महिन्यात केंद्राच्या अर्थसंकल्पात देशासाठी दोन कॉरिडॉर जाहीर झाले, आणि ते मिळाले उत्तर प्रदेशाला आणि तमिळनाडूला. महाराष्ट्रात खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, अंबाझरी, भद्रावती इतके आयुध कारखाने, ओझरला लढाऊ विमानं, पुण्यात डीआरडीओच्या प्रयोगशाळा. एवढं ज्याच्याकडे आहे त्याला आणखी कशाला, असा हिशेब कोणीतरी केला असावा. मग सात वर्षांनी आपण आलात, जुनी गावं आणि नवी नावं घेऊन.

आता थोडं आमच्याबद्दल. सरकारी आश्रयानं शस्त्रं घडवणं आम्हांला नवं वाटेल असा आपला समज असेल, तर तो काढून टाका. 1549 मध्ये निजामशाहीच्या पदरी असलेल्या मुहम्मद रूमी नावाच्या तुर्की तोफ ओतणाऱ्यानं नगरात मुलूखमैदान तोफ ओतली. वजन सुमारे 55 टन. राजाचा पैसा, बाहेरचा तज्ज्ञ, इथली भट्टी आणि इथलेच हात. आजच्या अधिकाऱ्यांनी ते बघितलं असतं, तर लगेच 'सेंटर ऑफ एक्सलन्स'ची पाटी ठोकली असती. ती तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे. आदिलशाहीनं 1632 मध्ये ती परांड्याहून तिकडे ओढून नेली. 1854 मध्ये इंग्रजी अमलात तिचा लिलाव काढला, तेव्हा सर्वांत मोठी बोली आली 150 रुपये. एवढ्या लाजिरवाण्या भावाला विकू नये म्हणून विक्री रद्द झाली. आमच्या जिल्ह्याच्या शस्त्रविद्येला आलेली ही बोली मी मुद्दाम सांगतो, कारण नंतरच्या बोली याहून फार वर गेल्या आहेत असं मला वाटत नाही.

मग आमचे महादजी शिंदे, म्हणजे पाटीलबोवा. श्रीगोंद्यात शिंद्यांचा वाडा आहे, त्यांच्या नावाचं विद्यालय आहे. पाटीलबोवांनी 1784 मध्ये डी बॉयन या सॅव्हॉयच्या सैनिकाला चाकरीत घेतलं, कवायती पलटणी उभ्या केल्या. तोफांचा कारखाना निघाला तो आग्र्याला, सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली. डी बॉयनचं ठाणं अलिगडला. महादजींना बोल लावायचा नाही. लढाया तिकडे होत्या, कारखाना श्रीगोंद्यात काढून तोफा बैलांनी दिल्लीला न्यायच्या का? पण 2018 नंतर उत्तर प्रदेशच्या कॉरिडॉरसाठी जी सहा ठिकाणं ठरली, त्यांत आग्रा आहे आणि अलिगडही आहे. आमच्या माणसानं सव्वादोनशे वर्षांपूर्वी निवडलेल्या जागा केंद्राला पसंत पडल्या, याचा आम्हांला अभिमान आहे. मानधन मागायचा विचार नाही.

नगरला शस्त्रतंत्रातलं जे काही बाहेरून आलं आणि टिकलं, ते म्हणजे व्हीआरडीई. 1929 मध्ये रावळपिंडीजवळच्या चकलाल्यात सुरू झालेला लष्करी वाहनांच्या तपासणीचा विभाग फाळणीच्या वेळी, 1947 मध्ये, इकडे आला आणि त्यातून पुढे वाहननगरची ही संशोधन संस्था उभी राहिली. सैन्याची चाकाची आणि साखळीची वाहनं तिथं घडवतात, तपासतात. पण तिच्याबद्दल आमच्या भागात सगळ्यांत जास्त चर्चा कधी झाली माहीत आहे? 2021 च्या जानेवारीत, ती चेन्नईला हलवणार अशी बातमी उठली तेव्हा. पुढारी दिल्लीला धावले, निवेदनं दिली, संस्था जागेवर राहिली आणि चर्चा थांबली. आत काय चालतं, त्यातलं आपल्या पोरांना काय करता येईल, हा विषय त्या सगळ्या धावपळीत फारसा निघालाच नाही.

आत काय चालतं ते मी सांगतो. तापस या बिनवैमानिक विमानासाठी 180 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन व्हीआरडीईनं विकसित केलं. त्यात भागीदार होती कोइमतूरची जयेम ऑटोमोटिव्हज्. योग्यच, कोइमतूरकडे इंजिनाचं काम पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, आणि संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेच्या पहिल्या दोन डिफेन्स इनोव्हेशन हबसाठी कोइमतूर आणि नाशिक ही नावं आली, तेव्हा तिथली कोडिसिया ही उद्योजकांची संघटना कामाला लागली.

दुसरी गोष्ट अधिक गोड आहे. आठ चाकांचं, जमिनीवर आणि पाण्यात चालणारं चिलखती वाहन डीआरडीओ आणि टाटांनी मिळून तयार केलं. त्यातला डीआरडीओचा वाटा म्हणजे आमच्या वाहननगरचा. सप्टेंबर 2025 मध्ये संरक्षणमंत्र्यांनी त्याच वाहनाच्या कारखान्याचं उद्घाटन केलं. कुठे? मोरोक्कोत, कासाब्लांकाजवळच्या बेरेशिदला. बाईसाहेब, वाहननगर ते श्रीगोंदा अंतर साठेक किलोमीटर आहे. वाटेत अरबी समुद्र नाही, सहारा नाही. तरी ते वाहन आधी बेरेशिदला पोचलं.

मोरोक्कोला कारखाना मिळाला याचं मला दुःख नाही, उलट त्यांच्याकडून शिकावंसं वाटतं. त्यांनी गाड्या घेतल्या, पण आपल्या जमिनीवर बनवून घेतल्या. सुट्या भागांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा पहिल्यापासून तिथलाच आणि पुढे निम्म्यापर्यंत न्यायचा, असं ठरलं. घेणाऱ्यानं अट घातली. आमच्या जिल्ह्यानं नुसतं दिलं, आणि देताना काही मागितल्याचं माझ्या कानावर नाही.

काय दिलं? के. के. रेंज दिली. खारे कर्जुन्याच्या परिसरातला हा गोळीबाराचा पट्टा. 22 सप्टेंबर 2020 रोजी याच रेंजवर अर्जुन रणगाड्यातून लेझरच्या मार्गदर्शनानं जाणारं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र डागलं आणि तीन किलोमीटरवरचं लक्ष्य टिपलं. देशभर बातमी झाली, छाती फुगली, माझीही. त्याच वर्षी राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतली गावं रेंजच्या वाढीव क्षेत्रात आपली जमीन जाणार या धास्तीनं जागी होती आणि त्यांची कैफियत घेऊन पुढारी संरक्षणमंत्र्यांना भेटत होते. क्षेपणास्त्र पुण्यात घडलं, रणगाडा अवाडीत बांधला, शाबासकी दिल्लीत दिली गेली. आमच्या वाट्याला आवाज आला. नगरला 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. सहली येतात, पोरं रणगाड्यावर चढून फोटो काढतात. रणगाड्याला हात लावायची आमच्या जिल्ह्याला एवढी एकच परवानगी आहे, तीही रखवालदाराचं लक्ष नसताना.

आता आमच्या तालुक्याकडे काय आहे, हे आपण विचारलं नाहीत तरी सांगतो. नागवडे आणि कुकडी असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. त्यांच्या आधारानं वाढलेली वर्कशॉपं आहेत. उसाच्या ट्रॉल्या बनवणारे आहेत, पंचवीस टन भरून फुफाट्यातून नेली तरी जिची चॅसी वाकत नाही अशी ट्रॉली जोडणारे वेल्डर आहेत. ऑफ-सीझनला मिलचे रोलर उतरवून खाचा पाडणारे टर्नर आहेत. आयटीआय झालेली पोरं आहेत, त्यांतली निम्मी रांजणगाव आणि चाकणला बसनं जातात, कंत्राटावर. बेलवंडीला शेती महामंडळाच्या जमिनीवर एमआयडीसी मंजूर आहे. दरम्यान आमच्याच जिल्ह्यात, उत्तरेला, शिर्डीत डिफेन्स क्लस्टर आलं. उत्तरेला आधी आणि दक्षिणेला नंतर, हा क्रम आम्हांला पाठ आहे. त्यावर बोलायचं तर दुसरं पत्र लिहावं लागेल, आणि ते आपल्या नावानं नसेल.

योजना वाईट आहेत असं मी म्हणत नाही. 2018 चं आयडेक्स तर खरोखर चांगलं डोकं लावून केलेलं आहे: सैन्य आपली अडचण मांडतं, छोटी कंपनी उत्तर सुचवते, निवड झाली की दीड कोटीपर्यंत अनुदान, पुढे त्याच योजनेत दहा कोटी, आणि 'अदिती'मध्ये पंचवीस कोटींपर्यंत. अट एवढीच की तेवढेच पैसे तुम्हीही घाला. ट्रॉली बनवणाऱ्यानं दीड कोटी घालायचे, एक-दोन वर्षं चाचण्या द्यायच्या आणि मग ऑर्डर येईल की नाही याची वाट बघायची. तोवर बँकेचा हप्ता त्याच्या संशोधनाला सलाम करून थांबेल अशी व्यवस्था योजनेत दिसली नाही. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असा 2006 चा कायदा आहे. कायदा आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. 45 वा दिवस कोणी पाहिलेला नाही.

आपण कालव्यासारख्या आहात, बाईसाहेब. आमचा तालुका कुकडी कालव्याच्या टेलकडचा. येडगाव धरणातून आवर्तन सुटलं की पेपरात फोटो येतो, जुन्नरला पाणी दिसतं, पारनेरला कमी होतं, आमच्याकडे चाऱ्या कोरड्या आणि शिवाय आमच्याही खालचे कर्जत-करमाळ्याचे लोक 'तुम्ही अडवलं' म्हणून आमच्याच नावानं ओरडतात. निधीचंही असंच आवर्तन असतं. ते सुटल्याची बातमी खरी असते. पुण्यात पाट वाहतो. पुढे कुठे मुरतं, याचा पंचनामा कोणी करत नाही, कारण मुखाशी उभा असलेला प्रत्येक जण म्हणतो, इथून तर पूर्ण दाबानं सोडलं.

तेव्हा आपण आमच्यासाठी वेगळं केंद्र काढू नका. इमारत नको, कोनशिला नको, काचेचा दरवाजा आणि आत टेबल टेनिस असलेलं इनक्युबेशन सेंटर तर नकोच. टेबल टेनिस आम्ही पंचायत समितीच्या हॉलमध्ये खेळतो. व्हीआरडीईत मोटारींच्या चाचण्यांचं राष्ट्रीय केंद्र आहे, टेस्ट ट्रॅक आहेत. बाहेरच्या कंपन्यांची वाहनंही फी भरून तिथं तपासली जातात. म्हणजे फाटक उघडतं. वर्षातले थोडे दिवस ते जिल्ह्यातल्या छोट्या वर्कशॉपांसाठी, परवडणाऱ्या फीमध्ये उघडावं. जे भाग गुप्त नाहीत, बिजागऱ्या, ब्रॅकेट, टूलबॉक्स, ट्रेलरचं जू, त्यांची छोटी ऑर्डर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात द्यावी. मालात खोट निघाली तर परत करावी, आम्ही सुधारून देऊ. साखर कारखान्याचा चीफ इंजिनिअर आजवर आमच्याशी याहून सौम्य कधीच वागलेला नाही.

आणि के. के. रेंजसाठी पुन्हा जमीन लागलीच, तर या वेळी मोरोक्कोचा माणूस वाटाघाटीला पाठवा. आमच्या वतीनं.

उत्तराची घाई नाही. पाठवायचंच तर एक ड्रॉइंग पाठवा: कुठल्याही एका भागाचं, टॉलरन्स लिहिलेलं, खाली नग किती, दर काय आणि तपासणीची तारीख. पिन कोड 413701. नवी घोषणा पाठवलीत तरी चालेल, फक्त कागद एकाच बाजूला छापा. वर्कशॉपात कोटेशन काढायला कोऱ्या बाजूची नेहमीच टंचाई असते.

आपला,
टेलकडचा एक ग्रामस्थ,
ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर