एका सायकलीला 200 वाचक

मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात जिल्हा परिषदेचे गुरुजी 58व्या वर्षी निवृत्त होतात आणि पुढची रोवणी येईस्तोवर कादंबरीकार झालेले असतात.

सत्कार झाला, शाल-श्रीफळ कपाटात गेलं, पेन्शनच्या कागदांसाठी पंचायत समितीच्या फेऱ्या संपल्या, धानाच्या बांध्या बटईनं दिल्या. आता करायचं काय? नुसतं 'लिहितो' म्हटलं तर लोक हसतात. म्हणून गुरुजी जाहीर करतात, की कादंबरीचं सगळं उत्पन्न लांबून शाळेत येणाऱ्या मुलींच्या सायकलींसाठी. या घोषणेनंतर कादंबरीला नावं ठेवायची कोणाची छाती होत नाही.

दाखला थेट टॉल्स्टॉयचा. छळाला कंटाळलेल्या दुखोबोर पंथाच्या शेतकऱ्यांना रशियातून कॅनडाला जाता यावं, म्हणून त्यानं सत्तरीत 'रिझरेक्शन' हातावेगळी केली. ती 1899 साली आली. हे गुरुजी चहाच्या टपरीवरही सांगतात. त्याआधी त्यानं 'वॉर अँड पीस' लिहिली होती, एवढं सांगायचं राहून जातं. दुसरा आधार पु. लं.चा. पु. ल. आणि सुनीताबाईंनी 1965 साली प्रतिष्ठान काढून कमाईतला मोठा वाटा समाजकार्याला दिला. 1986 साली पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, त्यातही त्यांची देणगी होती.

कादंबरीत काय नसतं? रोवणी, मामा तलाव, दंडार, शंकरपट, दोन दुष्काळ आणि एक पूर. नायक निष्कलंक शिक्षक. खलनायक केंद्रप्रमुख.

"गुर्जी, थो केंद्रप्रमुख कोन जी?"

"काल्पनिक आहे रे."

"मंग त्याची स्कूटर कायची हिरवी?"

प्रकाशन दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत. पाहुण्यांनी गाव फुललेलं, माणसं आयती सापडतात. पण त्याच रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. त्याची तिकिटं काढून लोक पहाटेपर्यंत थंडीत बसतात, आणि गुरुजींच्या टेबलाशी येऊन विचारतात, "नाटकाचं तिकीट इथंच भेटते का जी?"

मग हिशेब. किंमत 250 रुपये, रॉयल्टी 10 टक्के, म्हणजे प्रतीमागे 25. सायकल 5,000ची धरली तर एका सायकलीला 200 वाचक लागतात. आणि 1,000 प्रतींची छपाई ग्रॅच्युइटीतून, 85,000 रुपये. गणित शिकवण्यात हयात गेलेली असूनही हे त्रैराशिक गुरुजी मांडत नाहीत. ते काकू मांडतात, तांदूळ निवडता निवडता.

"इतक्यात सतरा सायकली आल्या असत्या."

"अन् वाचलं कोणी असतं?"

गठ्ठे पलंगाखाली, कोठीत आणि देवघराशेजारी रचलेले असतात. लग्नाचा आहेर म्हणून कादंबरी, बारशाला कादंबरी. हयातीचा दाखला द्यायला नोव्हेंबरात बँकेत गेलं की कॅशियरला एक प्रत. त्या दिवशी रांगेतल्या पेन्शनरांची पांगापांग होते.

तरी पहिली सायकल येतेच. रॉयल्टी कमी पडते तिथे पेन्शन भरते आणि पावती कादंबरीच्या नावानं फाटते. शाळेच्या पटांगणात हार घातलेली सायकल आठवीतल्या मुलीच्या हाती देताना गुरुजींचे डोळे खरोखर भरून येतात. मग ते रुमालानं चष्मा पुसतात, पिशवीतून दोन प्रती काढून कॅरियरला सुतळीनं आवळतात आणि तिला बजावतात, "एक तुझ्या बाबाले, एक मामाले. पैसे सोमवारी आन."