थकबाकी

मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेला गृहस्थ सेवानिवृत्त झाला, म्हणजे सरकारची वसुली दुसऱ्या कोणाच्या हाती जाते. परंतु त्याच्या अंगी मुरलेली वसुली निवृत्त होत नाही, ती तेवढी परमेश्वराच्या खात्यात वर्ग होते. आमचे भाऊसाहेब हे या वर्गातले, आणि आपल्या आळीतही असे एक भाऊसाहेब असणारच. नव्या बिऱ्हाडकरूचे सामान टांग्यातून उतरत असतानाच ते आडनाव विचारतात. आडनाव सांगितले की मूळ गाव, मूळ गाव सांगितले की कुलदैवत, आणि आता सुटलो असे त्या बापड्याला वाटते न वाटते तोच चष्मा कपाळावर चढवून ‘शेवटचे दर्शन केव्हा?’ अशी पृच्छा होते. उत्तर काहीही येवो, निकाल ठरलेला असतो : ‘थकबाकी आहे.’

या निकालामागे एक शास्त्र आहे. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस ही आडनावे सरकारदरबारची. दरबार बुडाले, दफ्तरे वाळवीने खाल्ली, आणि आज सबनीस औषधे विकतो व पोतनीस शिकवण्या करतो. कुलदैवताची मात्र ना बदली होते ना बडतर्फी. म्हणून तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, कोल्हापूरची अंबाबाई ही भाऊसाहेबांच्या मते एकेक तहसील असून आपण सारे खातेदार. आणि गोंधळ, बोडण, जागरण, तळी हे त्या साऱ्याचे ठरलेले हप्ते होत. कोकणातल्या चित्पावनाचे खाते पार बालाघाटावर, अंबेजोगाईच्या योगेश्वरीकडे कसे, असे मी एकदा विचारले, तेव्हा ‘इनाम जमीन एकीकडे आणि इनामदार दुसरीकडे, हे तुम्ही कधी पाहिले नाही काय?’ असा प्रतिप्रश्न करून त्यांनी तो मुद्दा निकालात काढला.

मुलगा मॅट्रिक झाला, थकबाकी. जिन्यावरून पडून पाय शाबूत राहिला, थकबाकी. मोडला, तर थकबाकीवरील व्याज. समोरच्या माडीवर राहणाऱ्या एका बुद्धिवादी प्राध्यापकांनी ‘मी देवच मानीत नाही’ असे ठणकावून सांगितले, तेव्हा भाऊसाहेब यत्किंचितही न रागावता म्हणाले, ‘सारा मानणाऱ्यालाच लागतो असे कलम नाही. फार तर तहकुबी मिळेल. माफीचा अधिकार वरचा.’

पंचाईत झाली ती सासष्टीतून आलेल्या एका ख्रिस्ती वादकाच्या बाबतीत. त्याचे आडनाव पोर्तुगीज, बाप्तिस्म्याच्या वेळी कोण्या पूर्वजाला मिळालेले. परंतु मूळ गाव विचारताच त्याने कुशस्थळी हे नाव घेतले आणि भाऊसाहेबांचे डोळे लकाकले. 1560 साली कुशस्थळीचा मंगेश रातोरात नदी ओलांडून प्रियोळास गेला, हा इतिहास त्यांना मुखोद्गत. ‘म्हणजे देव स्थलांतरित आणि खातेदार जागेवर! थकबाकी चारशे वर्षांची.’ तो भला माणूस हसला आणि म्हणाला की, आमच्या म्हापशाला मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला हिंदू लोक तेल घेऊन येतात, त्याचा जमाखर्च कोठे धरता? भाऊसाहेबांनी थोडा विचार केला आणि ‘परस्पर वळती’ असा शेरा मारून प्रकरण मिटविले.

असा माणूस टाळावा तितका थोडा, असे माझे पुष्कळ दिवस मत होते. एकदा पंचांग मागावयास गेलो असता ते घरात नव्हते, आणि वहिनींनी पंचांगासाठी लाल खारव्याचा जो रुमाल सोडला, त्यातून मनिऑर्डरच्या पावत्यांची चळत निघाली. प्रत्येक पावतीमागे बोरूने लिहिलेले टिपण होते : अमुक आडनाव, अमुक गोत्र, अभिषेक, सव्वा रुपया. अर्धी आळी त्यात होती, तहकुबीवाले प्राध्यापकही होते. माझ्या नावची पावती तुळजापूरची होती आणि तिच्यावरील तारीख, माझ्या मुलाचा विषमज्वर उतरला त्या आठवड्यातली. एवढ्याशा पेन्शनीत हा माणूस साऱ्या आळीचा सारा भरीत होता आणि वर आमच्याच शिव्या खात होता. राग आला, हेही खरेच; न विचारता दुसऱ्याच्या वतीने देवाचे आभार मानण्याची सनद यांना दिली कोणी?

गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या खोलीत तारखात्यातला एक पोरगेला कारकून राहावयास आला. नोकरी कायम झाल्याचे पेढे घेऊन तो भाऊसाहेबांच्या पाया पडला, आणि नेहमीची चौकशी सुरू झाली. आडनाव? संस्थेच्या व्यवस्थापकांनी आपलेच दिलेले. मूळ गाव? पंढरपूर, तेथल्या अनाथाश्रमात वाढलो, त्यापूर्वीचे ठाऊक नाही. गोत्र, कुलदैवत, काहीच ठाऊक नाही. भाऊसाहेबांचा बोरू थबकला. मग गोत्र अज्ञात असेल तेथे काश्यप धरावे या शास्त्राधारे त्यांनी ‘काश्यप’ लिहिले, दैवतापुढे ‘विठ्ठल’ लिहिले आणि थकबाकीच्या रकान्यात, बहुधा जन्मात पहिल्यांदाच, ‘निरंक’.

‘म्हणजे मला देवाचे काही देणे नाही?’ मुलगा खट्टू होऊन म्हणाला.

‘देणे कसले? उलट देवाकडे तुमचेच येणे निघते.’

‘मग ते वसूल कसे करायचे, भाऊसाहेब?’

वसुलीची यच्चयावत कलमे तोंडपाठ असलेल्या भाऊसाहेबांनी यावर वहिनींकडे पाहिले, आणि मधुमेह बेलाशक विसरून एक अख्खा पेढा तोंडात टाकला.