रा. रा. ए-एक्स ६००० यांस अनावृत पत्र

प्रति,
रा. रा. ए-एक्स ६०००,
मूळ मुक्काम : राऊटरच्या खोक्याची दर्शनी बाजू,
हल्ली मुक्काम : दाराशेजारी, चपलांच्या कपाटावर.

स. न. वि. वि.

आपलं अभिनंदन करावं म्हणून हे पत्र. राऊटर घ्यायला निघालेला माणूस दुकानात 'कितीचा?' असं विचारतो, तेव्हा तो किंमत विचारतोय की आपला आकडा, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. बाराशेपेक्षा तीन हजार बरा आणि तीन हजारांपेक्षा सहा हजार बरा, एवढं गणित सगळ्यांना येतं. आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतो, परीक्षेच्या अर्जाचं पान गोल गोल फिरत बसतं, आणि घरची मंडळी एकमताने ठरवतात की राऊटर जुना झाला, मोठ्या आकड्याचा आणा. जुना जातो, आपण येता, आणि जुन्याच्याच जागी, त्याच कपाटावर, त्याच प्लगशेजारी आपली प्रतिष्ठापना होते. आतल्या खोलीतलं पान फिरायचं थांबत नाही. तरी बोल आपल्याला लागत नाही, तो फायबरवाल्याला लागतो. काम न करता मान टिकवण्याची ही कला राजकारणात पन्नास वर्षं काढलेल्यांनाही साधलेली नाही.

आपण खोटं बोलता, असं आपले विरोधक म्हणतात. ते मला मान्य नाही. आपण फक्त बेरीज करता. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवरचे ११४८ एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झच्या बँडवरचे ४८०४ मिळून ५९५२ होतात, आणि वरचे ४८ सुट्ट्या पैशांऐवजी गोळी द्यावी तसे आपण आपल्याच हातात ठेवता. तीन हजारांचे आपले धाकटे बंधूही ५७४ आणि २४०२ यांच्या खांद्यांवर असेच उभे आहेत. आजोबा ७८ वर्षांचे, वडील ५०, मुलगा २२, म्हणून या घरात दीडशे वर्षांचा एक अनुभवी गृहस्थ राहतो म्हणावं, तशी ही गोष्ट. अगदी नव्या वायफाय ७ चा अपवाद सोडला, तर फोन एका वेळी एकाच बँडवर बोलतो. आपल्या अंगावर आठ अँटेना असतील, पण फोनच्या पोटात बहुधा दोनच असतात, आणि दोघांशी बोलायला आठ जण बसले म्हणून संभाषण चौपट होत नाही. ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर अशा फोनला कागदावरही १२०१ एमबीपीएसच्या पुढे जाता येत नाही. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी मिळतं, कारण एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं, हा हवेतला नियम आहे. चाळीतल्या सामाईक नळासारखाच. शिवाय बोलणं पोचलं की नाही याची पावती देण्याघेण्यात वेळ जातो तो वेगळाच.

बरं, एवढ्या भांड्यात भरायचं काय? घरी येणारी जोडणी पुष्कळदा १०० एमबीपीएसची असते, आणि तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. फोर-के चित्रपट बघायला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला त्याहूनही कमी. म्हणजे टंचाई ना नळाला आहे, ना हंड्याला. आपल्या बाराशे आकड्याच्या काही नातलगांची तर याहून मौज आहे. त्यांच्या पाठीवर वायर खोचायचे जे पोर्ट असतात, ते १०० एमबीपीएसचेच निघतात. वाडा सात चौकांचा आणि दिंडी दरवाजा मांजरापुरता. दुकानात वाचण्यासारखी एखादी ओळ असलीच तर ती पोर्ट गिगाबिटचा आहे की नाही ही, आणि ती खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापण्याचा शहाणपणा आपल्या घराण्यात पहिल्यापासून आहे.

आता घराण्याचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. १९९७ साली पहिलं वायफाय मानक आलं तेव्हा आपल्या मूळ पुरुषांचा वेग २ एमबीपीएस होता. दोन वर्षांत ११ झाला, आणि आज आपण हजारांत बोलता. एवढ्या काळात बाहेरची भिंत नऊ इंचांचीच राहिली आणि आतली साडेचारची. उलट शहरातल्या नव्या इमारतींत विटा जाऊन सगळ्या भिंती काँक्रीटच्या होऊ लागल्या. आतल्या खोलीच्या तक्रारीचं मूळ इथे आहे, आणि तिथवर आपला हात पोचत नाही. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की पोचणारी शक्ती एक चतुर्थांश उरते. वाटेत काँक्रीटची भिंत आली तर सहज १० डेसिबल जातात, म्हणजे दहावा हिस्सा पलीकडे निघतो. अशा दोन भिंती म्हणजे शंभरावा. राऊटरची शक्ती दुप्पट केली तर मिळतात ३ डेसिबल. एका भिंतीचीही भरपाई त्यातून होत नाही, आणि ती हवी तेवढी वाढवताही येत नाही. आपल्याकडे २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा रुंद पट्टा परवानामुक्त झाला, तो शक्तीच्या कमाल मर्यादेसकट. समजा, ही मर्यादा नसती आणि आपण गडाच्या बुरुजावरून द्यावी तशी हाळी देऊ शकला असता, तरी फोनला उत्तर द्यायचंच आहे, आणि त्याचा आवाज त्याच्या बॅटरीएवढा. आपलं त्याला ऐकू जाईल, त्याचं आपल्याला नाही. फोनवर रेंजच्या पट्ट्या भरलेल्या असूनही पान उघडत नाही, त्यामागे कित्येकदा हेच असतं.

आणि ही हाळी आपण देता कुठून? चपलांच्या कपाटावरून, टीव्हीच्या मागून, माळ्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रंकेशेजारून. टीव्हीच्या मागे धातूचा पत्रा असतो, आरशाच्या पाठीला धातूचा लेप असतो, स्टीलच्या भांड्यांच्या मांडणीबद्दल तर बोलायलाच नको, आणि पाण्याने भरलेलं पिंप लहरी पिऊन टाकतं. दार म्हणजे घराची एक कड. तिथे बसून आपण निम्मी रेंज जिन्याला आणि समोरच्या बिऱ्हाडाला दान करता. अँटेनांची तर निराळीच करुण कथा आहे. आतल्या खोलीत रेंज नाही म्हटल्यावर घरातला कर्ता माणूस स्टुलावर चढतो आणि आठही अँटेना तोफा वळवाव्या तशा त्या खोलीवर रोखतो. पण या सरळ अँटेनेची लहर टोकातून निघत नाही, ती काठीभोवती पसरते. अँटेना मधल्या भोकात उभी आणि रेंज तिच्याभोवती मेदूवड्यासारखी. जिच्यावर टोक रोखलं, त्या खोलीच्या वाट्याला वड्याचं भोक येतं. काठ्या उभ्या ठेवल्या की वडा मजल्यावर आडवा पसरतो. दुमजली घर असेल तर एखादी काठी आडवी करावी. दहा सेकंदांचं, फुकटचं काम आहे, आणि म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही.

यावर आपले चाहते म्हणतील की राऊटरला दारात बसायची हौस नाही, फायबरची वायर तिथल्याच भोकातून आत येते. म्हणणं खरं आहे. आपल्या गृहस्थितीचा सगळा कारभार या एका भोकावर चालतो. जोडणी द्यायला आलेल्या माणसाला पुढच्या तीन घरी जायचं असतं, तो जवळच्या प्लगपाशी पेटी ठोकतो आणि तो निर्णय पुढे दहा वर्षं चालतो. पण आत आलेली फायबर जिथे संपते, तिथेच वायफायने सुरू व्हावं असा शास्त्रार्थ कुठेही नाही. पेटी दारात राहू द्यावी, तिच्यातून लॅन केबल काढून घराच्या मध्यावर न्यावी आणि राऊटर तिथे, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवावा. साधी कॅट फाइव्ह-ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग नेते, घराला दहा-पंधरा मीटर पुरतात. भिंत फोडायला नको, केसिंग पट्टी चालते. घर भाड्याचं असेल तर चौकटीच्या कडेने क्लिपाही चालतात. अशी वायर वाईट दिसते, हा यानंतरचा आक्षेप, आणि मला वाटतं खरा आक्षेप हाच आहे. हॉलमध्ये शोभेसाठी टांगलेलं बैलगाडीचं चाक ज्यांना खुपत नाही, त्यांना पांढऱ्या भिंतीवरची पांढरी पट्टी खुपते. इथे युक्तिवाद संपतो, कारण दिसणं ही आवडीची बाब आहे. मात्र ही आवड जपण्यासाठी आपल्याला विकत आणलं जातं, एवढी नोंद असू द्यावी.

दुसरा पक्ष रिपीटरवाल्यांचा. स्वस्तातला रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि तेच पुन्हा म्हणून दाखवतो, त्यामुळे त्याचा निम्मा वेळ ऐकण्यातच जातो. त्यातून तो बसवतात कुठे, तर जिथे रेंज मुळीच नाही त्या खोलीत. वक्त्याचा आवाज जिथे पोचत नाही तिथे दुभाष्या नेमण्याचा हा प्रकार. मेशचे संच याहून शहाणे असतात आणि मोठ्या घरांत त्यांची गरजही पडते. पण त्यांचे दोन ठोकळे वायरीने जोडले की ते जितके खुलतात, तितके हवेतून जोडून खुलत नाहीत, म्हणजे पुन्हा वायर आलीच. आणि वायर घातलीच असेल, तर ज्याला आपण निवृत्त केलंत त्या जुन्या राऊटरलाच ॲक्सेस पॉइंट करून आतल्या खोलीत बसवता येतं. उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम एकाच राऊटरकडे ठेवायचं, नाहीतर दोन कारभारी एका घरात भांडतात. आपल्या अर्ध्या किमतीत भागणारा हा उपाय आहे, त्यामुळे त्याची वाच्यता आपल्यासमोर करणं तसं असभ्यच.

म्हणजे नवा राऊटर कधीच घेऊ नये का? घ्यावा, आणि इथे मी आपल्या बाजूने बोलतो. ज्या घरात अजून फक्त २.४ गिगाहर्ट्झचा राऊटर आहे, तिथे तो बदलणंच बरं. या बँडवर एकमेकांच्या अंगावर न जाणारे चॅनेल जेमतेम तीन, १, ६ आणि ११, आणि सोसायटीतल्या वीस बिऱ्हाडांनी ते वाटून घ्यायचे असतात. भरीला मायक्रोवेव्हही त्याच शेजारात गरगरतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा पुष्कळ आहे, भिंत मात्र त्याची लहर जास्त अडवते. तेव्हा पुन्हा राऊटर मध्यावर. एकाच वेळी पंधरा-वीस उपकरणं चालणाऱ्या घरात वायफाय ६ ची चॅनेल वाटून देण्याची पद्धत खरोखर उपयोगी पडते. पण बदलण्याचं सगळ्यांत सबळ कारण वेगाचं नाहीच. कंपनीने ज्याच्या सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलं, तो राऊटर चालू असला तरी काढावा. २०१६ साली मिराई नावाच्या किड्याने जगभरचे कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले, ते कसलीही हुशारी न दाखवता, कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या घोकून. 'ॲडमिन'चा पासवर्ड 'ॲडमिन' ठेवणारी घरं तेव्हाही होती, आजही आहेत. बटण दाबून जोडणी करून देणाऱ्या डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे दहा कोटींऐवजी ११ हजार प्रयत्नांत तो हाती लागतो, हे २०११ मध्येच उघड झालं. ती सोय बंद करावी, वायफायचा आणि ॲडमिनचा असे दोन्ही पासवर्ड बदलावेत, सुरक्षा डब्ल्यूपीए ३ किंवा निदान डब्ल्यूपीए २ ठेवावी आणि २.४ ची चॅनेल रुंदी २० मेगाहर्ट्झवर आणावी. अर्ध्या तासाचं काम. मात्र यातलं काहीच खोक्यावर मोठ्या टाइपात छापता येत नाही, ही आपल्या धंद्याची अडचण मी समजू शकतो.

तरी एक विनंती. पुढच्या वेळी हा राऊटर पुरत नाही असं ठरेल, तेव्हा आपल्या थोरल्या बंधूंनी लगेच रुजू होऊ नये. आधी आठवडाभर जुनाच राऊटर, काठ्या उभ्या करून, लांब वायर नुसती जमिनीवर टाकून, मधल्या खोलीत उंचावर ठेवू द्यावा. वायरीला अडखळून कुणी पडलं तर त्याची जबाबदारी आपल्यावर नाही.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
दुसऱ्या भिंतीपलीकडचा एक पट्टीधारक

ता. क. आपल्या घराण्यातले बी-ई ९३०० हल्ली फार मिरवतात. ६८८, २८८० आणि ५७६० अशी आता तीन बँडांची बेरीज आहे. यातले ५७६० हे ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले. तो पट्टा खालच्या बाजूने, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झपर्यंत, परवानामुक्त करण्याचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. पट्टा प्रत्यक्ष मोकळा होण्याआधी ज्यांनी हे खोकं घेतलं, त्यांच्या बेरजेतला सर्वांत मोठा आकडा भारतात कायद्यानेच मुका होता. या ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ३२० रुंदीचा पूर्ण चॅनेल एकच मावतो. शेजारच्या फ्लॅटनेही हेच खोकं आणलं तर दोघांचा चॅनेल एकच होणार, आणि मधली काँक्रीटची भिंत लहर अडवते म्हणूनच दोघांचं चालणार.