मामा आणि सुपरमॅनची चड्डी

माळव्यातल्या मराठी घरांत असा एक मामा हमखास सापडतो. पोह्यांवर शेव कमी पडली की त्याचा दिवस बिघडतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला तो टेकडीवर नेऊन देवीचं दर्शन घडवतो आणि उतरताना 'तुमच्याकडे असं आहे का' म्हणून छळतो. आमच्या देवासच्या मामांचं वेगळेपण इतकंच, की त्यांना अजून कॉमिक्स लागतात. बँक नोट प्रेसच्या शाईच्या कारखान्यातून निवृत्त झाले, मोतीबिंदू काढून झाला, नातू शाळेत जायला लागला; पण टपाल आलं की मामा अजून चप्पल न घालता फाटकापर्यंत जातात.

मामांच्या कॉमिक्सना हात लावायचे नियम कडक सोवळ्याचे. हात धुवायचे, पुसायचे आणि मामांना दाखवायचे. जिलबी खाल्लेली असेल तर तासभर मनाई. पान उलटताना बोटाला थुंकी लावणारा एक जावई होता, त्याला आता फक्त वर्तमानपत्र मिळतं. मामी म्हणतात, "माझ्या शालूला कधी विचारलं नाही कसर लागली का म्हणून."

इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली निघालं आणि मामा त्याच्याच मागेपुढे जन्मले, त्यामुळे त्याच्यावर आपला भाऊबंदकीचा हक्क आहे असं त्यांना वाटतं. पुण्याच्या मावसभावाकडे त्यातला हिरो, मराठीतला वेताळ यायचा, मामांकडे हिंदीतला वेताल. भांडण दोघांचं एकच, की वेताळाच्या ठोशाने कवटीचा ठसा हनुवटीवर नेमका कुठे उमटतो. पण विकत कोण घेतंय? कॉमिक्स भाड्याने मिळत, दोरीवर वाळत घातलेली. दहा घरं फिरून आलेल्या त्या अंकांची शेवटची पानं बहुधा गळालेली असत. मामांच्या आयुष्यातले कित्येक खलनायक त्यामुळे चाळीस-चाळीस वर्षं मोकाट फिरत होते.

अलीकडे वेताळाच्या जुन्या गोष्टी गुळगुळीत कागदावर पुन्हा छापून येऊ लागल्या. मामांनी किंमत ऐकली, "अहो, एवढ्या पैशांत आम्ही..." असं सुरू केलं आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत तीन अंक मागवले. पार्सल फोडून शेवटचं पान आधी वाचलं. चोर खाणीचा मॅनेजरच निघाला.

"मला तेव्हाच वाटलं होतं," मामा म्हणाले. संध्याकाळपर्यंत ते कुणाशी नीट बोलले नाहीत. इतकी वर्षं मनात पोसलेला चोर फारच भारी होता म्हणे.

नवं कॉमिक हातात आलं की मामा ते आधी वाचत नाहीत, तपासतात. खिडकीशी नेतात, भिंग लावतात, रंग रेषेबाहेर सरकलाय का पाहतात, नाकाशी धरून शाई हुंगतात. त्या खात्यात त्यांचा निकाल नेहमी उदार असतो. "छपाई झकास. आमच्या काळी वेताळाचा रंग घोड्यालाही लागायचा." मग चष्मा बदलून वाचायला बसतात आणि पाचव्या मिनिटाला कुरकुर सुरू होते. "सात पानं झाली, अजून पाऊसच पडतोय! हिरो गच्चीच्या कडेला बसलाय. अरे भिया, खाली उतर, लोकांचे दरोडे पडताहेत!" जुन्या अंकात तेवढ्या पानांत जहाज लुटलं जायचं, वेताळाच्या डायनाला पळवलं जायचं, दोघांच्या हनुवटीवर कवटी उमटायची आणि डेव्हिल लांडग्याला काम मिळायचं.

पण मामांचं खरं दुखणं वेगळं आहे. नव्या हिरोंना घरदार सांभाळता येत नाही, यावर त्यांचा राग आहे. वेताळाने डायनाला 1936 पासून ताटकळत ठेवलं हे मामांना मान्य. पण 1977 साली लग्न केलं ते केलं, पुढे किट आणि हेलॉइज ही जुळीही झाली. आणि स्पायडरमॅन? 1987 साली मेरी जेनशी लग्न, आणि वीस वर्षं संसार झाल्यावर 2007 साली काकूचा जीव वाचवायला सैतानाशी सौदा! लग्न झालंच नव्हतं असं ठरलं. मामांनी हे जेवताना सांगितलं तेव्हा मामी भाजी वाढता वाढता थांबल्या.

"असं करता येतं?" त्यांनी विचारलं. मामांनी विषय बदलला.

सुपरमॅनचं तर विचारूच नका. 1992 साली तो मेला तेव्हा मामा हळहळले होते. पुढच्याच वर्षी तो परत आला, तेव्हा "तेराव्याचं जेवण जेवून बसलेल्यांनी आता काय करायचं" असा त्यांचा सवाल होता. 2011 साली कंपनीने सगळ्या अंकांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू केले आणि त्या धामधुमीत सुपरमॅनची बाहेरची लाल चड्डी गेली. आम्हाला वाटलं, मामा खूश होतील. आयुष्यभर त्यांनी त्या चड्डीची टिंगल केली होती. मामा मात्र भडकले. "टिंगल आम्ही करायची, त्यांनी काढायची नाही." 2018 साली जुन्या मोजणीने हजाराव्या अंकात चड्डी परत आली, त्या दिवशी देवासात पेढे वाटले गेले. ते का, हे मामींना कुणी सांगितलेलं नाही.

धारला मामांचे साडू असतात. ते नव्याचे पक्षपाती. सिनेमे बघतात, मोबाइलवर वाचतात, आणि समांतर विश्व म्हणजे काय ते मामांना समजावून सांगतात. इथे मात्र मामा मागे हटत नाहीत. फ्लॅशला 1961 साली कळलं की आणखी एक पृथ्वी आहे आणि तिच्यावर आणखी एक फ्लॅश आहे. "आमच्या आजोबांना ते दूध आणायला जातानाच कळायचं, साडूभाऊ!" अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांचं देवास झालं तेव्हापासून थोरली पाती, धाकटी पाती, एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, रस्त्याच्या अल्याड एकाचं राज्य आणि पल्याड दुसऱ्याचं. 1948 साली दोन्ही मध्य भारतात विलीन होईपर्यंत हेच चाललं. टेकडीवर देव्यासुद्धा दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. "पण आमच्याकडे एका पातीत गेलेला राजा दुसऱ्या पातीतून परत यायचा नाही. गेला की गेला. सुतक पाळायचं."

साडू धारचे, गप्प बसतील कसे? त्यांनी आपला भोजराजा काढला. विक्रमादित्याचं सिंहासन सापडलं, भोज बसायला गेला की एक पुतळी गोष्ट सांगते, अशा बत्तीस गोष्टी.

"म्हणजे बत्तीस अंक काढले आणि हिरो अजून उभाच!" मामा म्हणाले. "हे नवं कॉमिक्स धारलाच निघालं म्हणायचं की!"

एवढं बोलून दोघेही राज कॉमिक्सकडे वळतात, कारण तिथे त्यांचं जमतं. 1986 चा नागराज मामांनी सुरुवातीच्या पगारातून घेतलेला. साडू तिथल्याच ध्रुवाचे, त्याच्याकडे अचाट शक्ती नाही, डोकं आणि मोटारसायकल आहे म्हणून. पुढे राज कॉमिक्स काढणाऱ्या गुप्तांच्या घरी वाटण्या झाल्या आणि संजय, मनोज, मनीष या तिघा भावांच्या नावांनी तीन राज कॉमिक्स निघू लागली. मामांनी थोडी चिडचिड केली आणि तिन्हीकडे पैसे भरले. पार्सलं एकाच आठवड्यात आली. मामींनी ती मोजली, मामांकडे पाहिलं आणि वीजबिल त्यांच्यासमोर ठेवलं.

नातवाने, हात दाखवून झाल्यावर, तिन्ही अंक ओळीने मांडले. "आजोबा, यातला खरा नागराज कोणता?"

मामांनी भिंग काढलं, तिन्ही मुखपृष्ठं नीट न्याहाळली, शाई हुंगली.

"थोरल्या पातीचा," ते म्हणाले. "पण बाकीचे दोन्ही परत द्यायचे नाहीत."